दिवा शांत हाय

आमच्या राहू गावच्या बाजारात कुणालाबी इचारा, गॅसबाई कुठं राहती. लगेच बोट दाखवतील. ती माझी धाकटी जाऊ, सुलक्षणा. मी अनिता, थोरली. माझं तोंड फटकळ म्हणून सगळी भावकी नावं ठेवती. ठेवू दे. मी सांगते ते डोळ्यांनी बघितलेलं आन् कानांनी ऐकलेलं हाय, पदरचं काय घालत न्हाई.

गॅसबाई हे नाव आधी कौतुकानं पडलं व्हतं. पुढं त्याची शिवी झाली. माझा नवरा विहिरीत गेला, तवापासनं झाली.

सुलक्षणा शिरूरकडची. बापाचा भाजीपाल्याचा मळा. पोरगी हुशार म्हणून बापानं शिकवली. शिरूरच्या कॉलेजात केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झाली, मग बी.एड. केलं. माझे दीर ज्ञानेश घरची शेती बघतात. त्यांच्याशी लग्न होऊन ही आली तवा मला वाटलं, झालं, आता ही शिकलेली बया मला भाकऱ्या थापायला लावणार आन् आपण पुस्तक घिऊन बसणार. तसं काय झालं न्हाई. पहाटं माझ्याआधी उठायची, गोठा झाडायची, धुणं धुवायची. भाकरी मात्र तिला गोल जमली न्हाई. आजून जमत न्हाई.

पलीकडच्या गावातल्या शाळंत ती तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवायला लागली. तासिका तत्त्वावर म्हंजी कायम न्हाई. दर जूनला शाळंनं बोलावलं तर जायचं, न्हाई बोलावलं तर घरी बसायचं. पण ही अशी नटून, स्कूटीवर पिशवी लावून जायची की बघणाऱ्याला वाटावं, हेडमास्तरीणच निघाली.

तिला खूळ एकच. कुठं वास आला, कुठं फेस आला, डबक्यात बुडबुडा आला की हिची पावलं थांबायची. हा कुठला गॅस, ते वळखून दाखवल्याबिगर तिचा जीव ऱ्हात नव्हता. आमचे चुलत सासरे पोपटराव आबा, त्यांची कोंबड्यांची शेड हाय. आत गेलं की डोळं चुरचुरायचं. हिनं काय करावं? कागदाची पट्टी हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवली, शेडच्या दारात नेऊन परत वली केली आन् आत धरली. पिवळी पट्टी बघता बघता लालसर झाली. आबांना म्हणाली, अमोनिया आहे, खालचं भूस बदला आणि खिडक्या उघड्या ठेवा, नाहीतर पिल्लांचे डोळे जातील. आबा मिशीत हसले, पण भूस बदललं. आन् चावडीवर जाऊन सांगितलं, आमच्या ज्ञान्यानं बायको न्हाई, गॅसबाई आणलीय. नाव पडलं ते असं.

हळदीत चुना कालवला की लाल व्हतं, हे कुठल्या बाईला ठावं न्हाई? कुंकू त्याचंच करायचे पूर्वी. पण त्याच लालीनं कोंबड्यांच्या शेडमधला गॅस कळतो हे आमच्या सात पिढ्यांना सुचलं नव्हतं, ते मला कबूल करायला पायजे.

सासूबाईंच्या पानाच्या डबीतला चुना तर हिच्या हातून कवाच वाचला न्हाई. चुना पाण्यात कालवून ठेवायची, वरची निवळी काढून बाटलीत भरायची आन् शाळंत पोरांना नळीनं त्यात फुंकर मारायला लावायची. निवळी दुधावानी पांढरी झाली की म्हणायची, हा कार्बन डायऑक्साइड, आपल्याच श्वासातला. जखमेवर ओतायचं फेसाचं औषध मिळतं ना, ते कच्च्या बटाट्याच्या फोडीवर ओतायची आन् अगरबत्तीचं नुसतं लाल टोक त्या गिलासात धरायची. टोक भक्कन पेट घ्यायचं. तो ऑक्सिजन. रातच्याला ओट्यावर मलाबी करून दाखवायची. मी वर वर नाक मुरडायचे, पण बघायचे. आन् हिशेब एकदम चोख बरं का. निवळी जरा गढूळ दिसली तर पोरांनी न बघितलेलीबी वतून द्यायची. म्हणायची, ताई, चाचणी एकदा खोटी दाखवली ना, की पोरगं जन्मभर खोटंच धरून बसतं.

आता सासूबाईंचं सांगते. नाव धुरपदा, आम्ही दोघी त्यांना आत्या म्हणतो. आत्यांचा एक नेम. वंगाळ शब्द उंबऱ्याच्या आत चालायचा न्हाई. बांगडी फुटली म्हणायचं न्हाई, वाढवली म्हणायचं. बाहेर निघताना जाते म्हणायचं न्हाई, येते म्हणायचं. हे काय आमच्याच घरात हाय असं न्हाई, पण आत्यांवानी कडक कुणी पाळत न्हाई. मी एकदा घाईत कुंकू संपलं म्हटलं, तर दिवसभर माझ्याशी बोलल्या न्हाईत. आन् दिव्याला तर इझला कवाच म्हणायचं न्हाई. दिवा शांत झाला म्हणायचं.

सुलक्षणा नवीन व्हती तवाची गोष्ट. देवापुढं पणती लावलेली. हिनं एका पातेल्यात खायचा सोडा टाकला, लिंबू पिळलं, फेस निवू दिला आन् पातेलं पणतीवर नुसतं वाकडं केलं. पाण्याचा थेंब पडला न्हाई, काय पडताना दिसलं न्हाई, आन् पणती गेली. ही लहान पोरीवानी हसली, "बघितलं ताई? विझली!" आत्या आतनं धावत आल्या आन् पातेलं हिसकून घेतलं. हिनं समजावून सांगितलं की हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली खाली बसतो, खड्ड्यात न्हाईतर जुन्या विहिरीत साचतो, आणि जिथं दिवा विझतो तिथं माणूससुद्धा. पुढचं आत्यांनी बोलूच दिलं न्हाई. तिच्या तोंडावर हात ठेवला. म्हणाल्या, तुझं शास्त्र असू दे, पण माझ्या घरात शांत म्हण. तवापासनं सुलक्षणाबी शांत म्हणायला लागली.

माझा नवरा विश्वजीत, आत्यांचा इसू. ते जिवंत असताना कधी त्यांचं नाव तोंडातनं काढलं न्हाई. आता घेते. ते रांजणगावच्या एका कंपनीत व्हते, कारेगावला खोली घिऊन राहायचे. सुट्टीला राहूत यायचे. अबोल माणूस, पण कामाला वाघ. घरी आले की बूट काढायच्या आधी गोठ्यात जायचे.

त्या उन्हाळ्यात नदीचं पाणी लवकर आटलं आन् ऊस तहानला. मळ्यात आमची जुनी विहीर हाय, दगडानं बांधलेली, अरुंद आन् खोल. कितीतरी वर्षं तिच्यावर पत्रे टाकून ठेवलेले. उसाचं पाचट, पालापाचोळा आत पडून कुजलेला. तळाला पाणी व्हतं, पण त्यातली मोटार गाळात रुतून बसली व्हती. ठरलं असं, की विश्वजीत रातपाळी करून सकाळी परस्पर मळ्यात येतील, खाली उतरून मोटारीला दोर बांधतील आन् मग दोघं भाऊ ती वर घेतील.

सुलक्षणाला सकाळची शाळा व्हती. आदल्या संध्याकाळी तिनं धोशा लावला, मी येईपर्यंत कुणी उतरू नका. ज्ञानेश म्हणाले, तू यीस्तोवर ऊन डोक्यावर यील, दादानं रातभर जागून काम केलेलं. मग ती आत्यांपाशी बसली. मी तिथंच लसूण सोलत व्हते, मला शब्दन् शब्द आठवतो. ती म्हणाली, आधी पत्रे काढून टाका आणि मग बादलीत पेटलेला दिवा ठेवून तळापर्यंत सोडा. दिवा टिकला म्हणजे सगळा धोका गेला असं नाही, दुसरे गॅसही असतात, कुजका वास आला तरी मागे फिरा. पण दिवा टिकला नाही तर मात्र पाऊलसुद्धा आत टाकायचं नाही.

आत्या म्हणाल्या, दिवा तर मी सोडणारच हाय, साती आसरांचा मान असतो, इचारल्याबिगर त्यांच्या पाण्यात उतरत्यात व्हय. सुलक्षणा हसली. म्हणाली, मग तुमचा आणि माझा दिवा एकच. "आत्या, तुमच्यावर सोडते. दिवा विझ... शांत झाला तर कुणालाही उतरू द्यायचं नाही." आत्यांनी मान हलवली, न्हाई उतरू देत.

सकाळी मी न्याहारी घिऊन मळ्यात निघाले. पिठलं, भाकरी आन् ताकाची चरवी. बांधावर आले आन् ज्ञानेशची बोंब ऐकली. दादा, दादा. मी पाटी टाकून पळाले. विहिरीच्या काठावर आत्या बसलेल्या, मांडीवर दोर, बाजूला बादली, बादलीत काळी पडलेली पणती, तिला लावलेलं हळदीकुंकू. मी खाली वाकले. तळाच्या गाळात ते पालथे पडलेले. पाणी गुडघाभर बी नसंल. त्यांचा एक हात हलला असं मला वाटलं. आजून वाटतं.

ज्ञानेशनी सदरा काढून फेकला. विहिरीला बाजूनं दगडाच्या पायऱ्या हायत, भिंतीतनं बाहेर आलेल्या, त्यातल्या पहिलीवर त्यांनी पाय ठेवला. तेवढ्यात स्कूटी आली, जीवाला चैन पडंना म्हणून सुलक्षणा शाळा अर्ध्यातच सोडून आली व्हती. स्कूटी तिनं उभीबी केली न्हाई, तशीच पाडली. शाळंची साडी, गळ्यात वळखपत्र. मागनं येऊन नवऱ्याच्या कमरंला मिठी मारली आन् त्यांना घिऊन उलटी पडली.

ज्ञानेश ओरडले, सोड. ती सोडीना. ते तिला फरफटत काठापर्यंत घिऊन गेले, तिच्या कोपराची सालटी निघाली, तरी सोडीना. आपला पदर तिनं त्यांच्या दंडाला गुंडाळला आन् गाठ मारली. मी तिला मारलं. हातानं मारलं, चपलीनं मारलं. म्हटलं, रांडे, तुझा नवरा धरून बसलीस, माझा खाली मरतोय.

ती मारातनंच बोलली, "ताई, हे उतरले तर दोघं जातील. आबांना बोलवा. डाळिंबाचा ब्लोअर घेऊन या म्हणावं."

आबांचा ट्रॅक्टर शेजारच्याच रानात व्हता, बोंब ऐकून ते आलेच. डाळिंबावर औषध मारायच्या ब्लोअरचं तोंड विहिरीकडं केलं. सुलक्षणा जमिनीवर बसूनच सांगत व्हती, आबा, ट्रॅक्टर वाऱ्याच्या खाली घ्या, धूर आत जाता कामा नये. ब्लोअर सुरू झाला. विहिरीतनं पाचटाचा कुजका भपकारा वर आला. तिनं आत्यांना पणती पेटवायला लावली आन् बादली खाली सोडायला लावली. पणती वरच्या वरच गेली. परत वारं मारलं. परत पणती. निम्म्यात गेली. गाव गोळा झालं व्हतं. बाप्ये ओरडत व्हते, अरे उतरा कुणीतरी, दिवे कसले लावताय. ती एकेकाकडं बघून न्हाई म्हणत व्हती. मी काठावर डोकं आपटत व्हते. शेवटी पणती तळाला गेली आन् जळत राहिली. तवा तिनं पदराची गाठ सोडली, नवऱ्याच्या छातीला दोर बांधला आन् म्हणाली, आता जा.

विश्वजीतना वर काढलं. दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, अशा हवेत दोन श्वासांत माणूस पडतो, तुम्ही लगेच उतरला असता तरी काय उपयोग नव्हता. खरं म्हणाले का माझी समजूत घातली, देव जाणे. मला तो हात दिसतो.

अंत्यविधी झाला. अंगणात माणसं बसलेली. कुणीतरी इचारलंच, दिवा सोडला व्हता म्हणता, मग बघितला कुणी? आत्या म्हणाल्या, मी बघितला. इसू आला, काठावर उभा राहिला, आई, दिवा? असं इचारलं त्यानं. मी म्हटलं, शांत हाय बाबा. आन् पणती परत लावावी म्हणून दोर वर वढायला लागले. मान वर करून बघते तर हा पलीकडच्या पायऱ्यांनी निम्मा खाली.

अंगणातली माणसं एकमेकांकडं बघायला लागली. आत्यांनी एकेकाच्या तोंडाकडं बघितलं. म्हणाल्या, मी सांगितलं व्हतं की रं, शांत हाय म्हणून. तरी का उतरला?

आत्यांचे व्हट थरथरायला लागले. तवा सुलक्षणा भिंतीपासनं उठली, मधी आली आन् सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. "आत्या, तुमचं बरोबर होतं. चूक माझी आहे. मी रात्री दादांना फोन केला होता आणि उलटं बोलून गेले. दिवा शांत असला की उतरा, असं सांगितलं."

आत्या तिच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी जो हंबरडा फोडला तो नदीच्या पलीकडं गेला असंल. शिव्या, शाप, तळतळाट. माझ्या तोंडात शिव्यासुद्धा आल्या न्हाईत. मी मनात एवढंच म्हटलं, हिनं चुकीचं सांगून माझा नवरा विहिरीत घातला, आन् वर स्वतःचा धरून ठेवला.

पुढं व्हायचं ते झालं. गाव म्हणायला लागलं, मोठी शिकलेली, साधा दिवा नीट सांगता आला न्हाई. कुणी म्हणालं आसरांनी वढला, कुणी म्हणालं गॅसबाईनं ढकलला. पोरांचे आईबाप शाळंत गेले, ही बाई आमच्या पोरांना काय शिकवणार म्हणाले. जून आला, शाळंचं बोलावणं आलं न्हाई. तिनं स्कूटी पोत्याखाली झाकून ठेवली आन् माझ्यासंगं खुरपायला यायला लागली. हळदीच्या पट्ट्या चुलीत घातल्या. कुठं वास आला तर नाकाला पदर लावून पुढं जायची.

आत्यांचं बोलणं तर दिवस उगवल्यापासनं सुरू व्हायचं. अवदसे, माझा वाघ खाल्लास. चहा कडू झाला तरी तेच, गाईनं दूध चोरलं तरी तेच. सुलक्षणा खाली मान घालून पाय चेपायची. मी तिच्याशी बोलत नव्हते. एका चुलीवर जेवतो, एका बांधावर खुरपतो, आन् वर्षभर मी तिला सरक बाजूला, एवढंच बोलले. मला कुणी म्हणू नये की तू कठोर झालीस. माझा माणूस गेला व्हता.

वर्षश्राद्ध आलं. पाहुणे जमले. सुलक्षणा नैवेद्याचं ताट उचलायला पुढं झाली आन् मी सगळ्यांदेखत म्हटलं, त्या ताटाला हात लावू नको, ज्याला मारलं त्याला जेवू घालतीस? ती मागं सरली. डोळ्यात पाणीसुद्धा आलं न्हाई तिच्या. पण ज्ञानेश उठले, माझ्यासमोर आले, म्हणाले, वहिनी, जरा गोठ्याकडं या.

गोठ्यात जाऊन ते गव्हाणीला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "वहिनी, तिनं दादाला फोन केलाच नव्हता."

मी म्हटलं, असं कसं, तिनं स्वतः कबूल केलं. ते म्हणाले, दादाची रातपाळी व्हती. रातपाळीला फोन कुठं असतो?

कंपनीत शिरताना फोन गेटवर जमा करायला लागतो, हे मला सांगायला पायजे व्हतं व्हय कुणी? मी रातपाळीच्या माणसाची बायको. रात रात वाट बघून झोपलेली. वर्षभर हे माझ्या ध्यानात आलं न्हाई.

ज्ञानेश म्हणाले, मी स्टार्टरच्या पेटीपाशी व्हतो, सगळं ऐकलं. दादा सकाळी सरळ मळ्यात आला, त्याला कुणी काय सांगितलंच नव्हतं. आईच्या हातात बादलीचा दोर बघून त्यानं आपण होऊन इचारलं, आई, दिवा? कंपनीत तशी शिस्त असती, टाकीत उतरायच्या आधी आतल्या हवेचं इचारायचं. आई म्हणाली, शांत हाय. शांत झाला म्हणाली असती तर कळलं असतं, वहिनी. तेवढं आम्ही लहानपणापासनं ऐकलंय. पण आई म्हणाली, शांत हाय. मलासुद्धा वाटलं, फडफडत न्हाई, नीट जळतोय. मी पेटी उघडत राहिलो आन् दादा उतरला. आई दोर वढत व्हती, तिच्या मनात तिनं पोराला अडवलं व्हतं.

मी इचारलं, मग तुम्ही का गप बसलात वर्षभर? ते म्हणाले, तिनं शपथ घातलीय.

एक 'हाय' शब्द. झाला न्हाई, हाय. माझं घर त्या एका शब्दानं बसलं. मला आत्यांचा असा राग आला की डोळ्यापुढं अंधारी आली. जिनं दिवा बघितला ती सोवळी, आन् जी दिवा सोडताना तिथं नव्हतीच ती वर्षभर शिव्या खाती. आन् शिव्या देणाऱ्यांत मीबी. निवळी गढूळ झाली तर वतून देणारी बाई, तिनं भर अंगणात उभी राहून सांगितलं की मी चाचणी उलटी शिकवली. शाळा गेली, नाव गेलं, आन् मी तिच्या हातून नैवेद्याचं ताट काढून घेतलं.

पाहुणे गेल्यावर मी सरळ आत्यांच्या खोलीकडं निघाले. सांगणारच व्हते. म्हणणार व्हते, तुमच्या लेकाला कुणी खाल्ला ते ऐका. सुलक्षणा चुलीपाशी पोळ्या लाटत व्हती. माझं तोंड बघून तिला कळलं. पिठाच्या हातानंच तिनं माझं मनगट धरलं.

"ताई, बसा."

म्हटलं, सोड.

"नाही सोडणार. आत्यांना हे कळलं तर त्या जगणार नाहीत. त्याच विहिरीत जातील, आणि तेव्हा त्यांना धरायला कुणी नसेल."

"आन् तू? तू काय जगतीस व्हय?"

"मी जगते," ती म्हणाली. "शिव्या खाऊन जगता येतं. त्या दिवशी अंगणात त्यांचे ओठ थरथरायला लागले ना, तेव्हा मला दुसरं काही सुचलं नाही."

मी खाली बसले. तिला मिठी मारावी असं वाटलं, पण मारली न्हाई. खरं सांगते, नवऱ्याला धरून ठेवलं ते तिनं बरोबर केलं हे माझ्या डोक्याला तवाबी कळत व्हतं, पण छातीला आजून कळलेलं न्हाई. एवढंच केलं, तिच्या हातातलं लाटणं घेतलं आन् उरलेल्या पोळ्या मी लाटल्या.

आतनं आत्यांची हाक आली. कुठं मेली ती गॅसबाई, माझा घसा कोरडा पडलाय. सुलक्षणा उठायला लागली. मी तिला खांद्याला दाबून खाली बसवलं, तांब्या भरला आन् मी गेले.

आत्या खाटंवर बसलेल्या. वर्षभरात वाळून गेलेल्या. माझ्याकडं बघून म्हणाल्या, तू का आलीस, तिला काय झालं? मी म्हटलं, ती दमलीय, मी हाय की. त्यांनी तांब्या घेतला न्हाई. माझा हात धरला, माझ्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आन् रडायला लागल्या.

"तुझं कुंकू पुसलं तिनं, आन् तू तिला दमलीय म्हणतीस? तुला राग येत न्हाई का गं?"

"येतो की, आत्या," मी म्हटलं. "लई येतो. पाणी प्या."